आधी भाता ऐक : फ्रान्समधले ऑर्गन आणि बापूदादा

हा प्रवास ऑक्टोबर २०१८ मधला. वहीत तेव्हाच लिहून ठेवलं होतं, पण टाइप करायला मुहूर्त लागत नव्हता. आता लागला, त्याचं कारण शेवटी येईल. मधल्या काळात तिथल्या वेळा, वादक, प्रवेशाचे नियम बरेच बदलले असणार. जाणाऱ्यांनी त्या त्या चर्चच्या संकेतस्थळावर बघूनच निघावं.

बापूदादा म्हणजे माझ्या मिरजेच्या आत्याचे थोरले चिरंजीव. बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी जन्मभर पेट्या दुरुस्त केल्या. आसपासच्या गावांतल्या निम्म्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या सोप्यात पोट उघडून पडलेल्या असायच्या. "सा बेसूर झालाय" म्हणत कोणी आला की ते आधी सगळे स्टॉप, म्हणजे सुरांचा एकेक संच चालू-बंद करणाऱ्या खुंट्या, बंद करायचे, भाता भरायचे आणि कान लावून बसायचे. वारा कुठून निसटतोय का, ते बघायला. लहानपणी मी शेजारी बसून सुरांना बोटं लावायचो, तेव्हा चापट मारून सांगायचे, "आधी भाता ऐक. सूर कुठं पळून जात नाहीत."

त्यांच्याकडे एका नाटक कंपनीतली जुनी पायपेटी आहे. आपल्याकडे संगीत नाटकवाले तिलाच 'ऑर्गन' म्हणतात. चर्चमधला ऑर्गन ही वेगळी गोष्ट. पेटीत पितळेची जीभ थरथरते, पाइप ऑर्गनमध्ये एकेका सुराला एकेक स्वतंत्र नळी असते. काही नळ्या बासरीसारख्या फुंकेच्या, काही सनईसारख्या जिभेच्या. अशा हजारो नळ्या आणि त्या सगळ्यांना वारा पुरवणारा भाता. माझी पुतणी सई तेव्हा पॅरिसला शिकत होती, राहायची सोय झाली आणि अडुसष्टाव्या वर्षी बापूदादांनी पहिला पासपोर्ट काढला.

शनिवार, पॅरिस

विमान, इमिग्रेशन, मेट्रो, सगळं सुरळीत. सईच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीला लिफ्ट नव्हती, एवढंच. संध्याकाळी खाली बेकरीतून गरम 'बागेत', म्हणजे लांबट कडक फ्रेंच पाव, आणला. बापूदादांनी तो घरून आणलेल्या शेंगाचटणीत बुडवून खाल्ला. "भाकरीपेक्षा कडक आहे, पण चालतंय."

रविवार, सँ-सुल्पिस आणि नोत्र-दाम

सकाळी रिमझिम होती. सँ-सुल्पिस चर्चचे दोन बुरूज एकसारखे नाहीत, एक उंच आणि एक बुटका. बापूदादांनी ते लांबूनच टिपलं. आत शिरल्यावर मात्र ते गोंधळले. सगळे लोक वेदीकडे तोंड करून वेताच्या खुर्च्यांवर बसले होते आणि ऑर्गन पाठीमागे, दाराच्या वर, तिमजली घराएवढा.

"कलाकाराकडे पाठ करून बसायचं?" मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपेपर्यंत ते कसेबसे गप्प राहिले. मिसेनंतर अर्धा तास नुसतं वादन असतं. ते सुरू होताच त्यांनी खुर्ची उचलून सरळ उलटी फिरवली. मी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं, तर आणखी चार-पाच जणांनी आपापल्या खुर्च्या फिरवलेल्या.

या ऑर्गनची कुंडली थोडक्यात सांगतो, पुढे लागेल. मूळ वाद्य फ्रान्स्वा-हेन्री क्लिको या कारागिराचं, १७८१ मधलं. पुढे १८६२ मध्ये आरिस्तीद काव्हाये-कोलने ते वाढवून शंभर स्टॉपांचं, पाच स्वरपट्ट्यांचं (म्हणजे पाच कीबोर्डचं) केलं. क्लिकोच्या पुष्कळ नळ्या त्याने फेकल्या नाहीत, आत तशाच सामावून घेतल्या. फ्रान्समधले ऑर्गन ऐकायचे म्हणजे मुख्यतः या दोन नावांमधला फरक ऐकायचा. क्लिको राज्यक्रांतीच्या आधीचा, काव्हाये-कोल रेल्वे आणि वाफेच्या काळातला.

पहिला सूर इतका हळू आला की कधी सुरू झाला ते कळलंच नाही. एकच बासरीचा स्टॉप असावा. काव्हाये-कोलच्या 'हार्मोनिक' बासऱ्यांची गंमत अशी, की नळी लागते त्याच्या दुप्पट लांब ठेवायची आणि मधोमध बारीक भोक पाडायचं. नळी वरच्या सप्तकातलाच सूर देते, पण भरदार देते. शिवाय वरच्या पट्टीतल्या नळ्यांना तो खालच्यांपेक्षा जास्त दाबाचा वारा द्यायचा. बापूदादांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डोळे मिटून ते एवढंच पुटपुटले, "तार सप्तकात पातळ होत नाही रे. आपली पेटी तिथं केविलवाणी होते."

मग हळूहळू एकेक थर चढत गेला. एका मोठ्या लाकडी पेटाऱ्यात नळ्यांचा एक संच बंद असतो, त्याला झडपा असतात आणि वादक पायाने त्या उघडतो-मिटतो. नाटकातल्या पायपेटीला गुडघ्याने दाबायची पट्टी असते, तिचंच हे मोठं भावंड. शेवटी खर्जाच्या नळ्या बोलल्या, तेव्हा कानाच्या आधी खुर्चीच्या पायांना कळलं. सगळ्यात मोठी नळी बत्तीस फुटी. इतका खालचा सूर, की तो सुरापेक्षा थरथरच जास्त.

शेवटचा स्वरमेळ सुटल्यावर त्याची गुंज विरेपर्यंत बापूदादांनी मांडीवर बोटं टेकवून मात्रा मोजल्या. सहावर थांबले. पुढे प्रत्येक ठिकाणी ते हेच करत राहिले.

वादनानंतर एका लहान दारापाशी रांग लागली. तिथून माळ्यावर जाऊ देत होते, हे सईलाही माहीत नव्हतं. (अनोळखी चर्चमध्ये वादन संपल्या संपल्या बाहेर पडू नका. रांग दिसली तर आधी उभं राहा, कशाची आहे ते मग विचारा.) गोल दगडी जिना चढून वर गेलो, तर वादकाची जागा एखाद्या छोट्या रंगमंडपासारखी. पाच स्वरपट्ट्या पायरीपायरीने आणि दोन्ही बाजूंना अर्धगोलात स्टॉपांच्या मुठीच मुठी.

तिथे माहिती सांगणाऱ्या बाईंनी बार्कर यंत्र समजावलं आणि बापूदादांचा दिवस सार्थकी लागला. अडचण अशी : पाच स्वरपट्ट्या एकमेकींना जोडल्या, म्हणजे आपल्या भाषेत कपलर लावले, की एकच कळ दाबताना अनेक झडपा एकदम उघडाव्या लागतात. बोट मोडून जाईल. चार्ल्स बार्कर नावाच्या इंग्रजाने युक्ती काढली. प्रत्येक कळीमागे एक चिमुकला भाता. बोटाने फक्त त्याची बारीक झडप उघडायची. तो फुगतो आणि पुढचं सगळं ओझं तोच ओढतो. सईने भाषांतर पुरं करायच्या आत बापूदादा ओरडले, "म्हणजे वाऱ्याचं काम वाऱ्यालाच लावलं!" बाईंना मराठी कळलं नाही, पण त्या हसल्या.

त्यांनी आणखी एक किस्सा सांगितला. शार्ल-मारी व्हिदोर १८७० मध्ये इथे तात्पुरता वादक म्हणून लागला आणि १९३३ च्या अखेरपर्यंत राहिला. कायम केल्याचं पत्र म्हणे कधी निघालंच नाही. चौसष्ट वर्षं हंगामी! बँकेत युनियनचं काम केलेल्या बापूदादांनी यावर बराच वेळ मान हलवली. व्हिदोरच्या जागी मार्सेल द्युप्रे आला, तो १९७१ पर्यंत होता. त्या आसनावरून माणसं सहजासहजी उठत नाहीत.

जेवून पायीच नोत्र-दामला. तिथलाही ऑर्गन काव्हाये-कोलचाच, १८६८ चा, पण पुढच्या पिढ्यांनी वाढवत नेलेला. आम्ही ऐकला तेव्हा सुमारे आठ हजार नळ्या आणि वादकाच्या पट्ट्यांपासून वरपर्यंत विजेचं, संगणकाचं जाळं. रविवारी दुपारी फुकट वादन असायचं. आम्हाला खांबाआड जागा मिळाली. पर्यटकांची रीघ कडेने सतत वाहत होती, हजार बुटांचा घसरता आवाज, मधूनच मोबाइल.

ऑर्गन वाजला तो प्रचंडच. सँ-सुल्पिसला आवाज छतावरून खाली उतरत येतो, इथे लांबून लाटेसारखा चालून आल्यासारखा वाटला. मला आवडला. लुई व्हिएर्नची गोष्ट मला माहीत होती : जवळजवळ आंधळा असलेला हा वादक २ जून १९३७ ला, इथल्या आपल्या १,७५० व्या कार्यक्रमात, वाजवता वाजवताच कोसळला. त्याचा पाय खर्जाच्या पट्टीवर पडला आणि तो एकच सूर देवळात वाजत राहिला. शेजारी मोरिस द्युरुफ्ले उभा होता. ही गोष्ट डोक्यात असल्यामुळे असेल, प्रत्येक लांबलेला खर्ज मला वेगळाच ऐकू येत होता.

बापूदादांना मात्र काहीच लागलं नाही. "भाताच ऐकू येत नाही इथं. सगळी गर्दी आहे, आत पण आणि वर पण." हे मी वहीत शब्दशः लिहून ठेवलं. संध्याकाळी आणखी एका चर्चमध्ये वादन होतं, त्याला त्यांनी साफ नकार दिला. बरोबरच होतं. दिवसाला दोनच ऑर्गन; तिसऱ्याला कान नुसते भिंतीसारखे होतात.

सोमवार

फुकट गेला. एका चर्चच्या फलकावर दुपारचं वादन लिहिलं होतं, आम्ही तास आधी जाऊन बसलो, आणि वादनाऐवजी नळ्या सुरात लावण्याचं काम सुरू झालं. एकच सूर, पुन्हा तोच, मग त्याच्या शेजारचा. मी आणि सई पंधरा मिनिटांत बाहेर पडलो. बापूदादा पाऊण तासाने आले आणि म्हणाले, "चांगला लावतोय."

नंतर मादलेन चर्चची पायरी चढून आलो. सँ-साँस आणि पुढे फोरे हे संगीतकार इथे वादक होते. १८४९ मध्ये शोपँच्या अंत्यविधीला त्याच्याच पियानोच्या दोन रचना इथल्या ऑर्गनवर वाजवल्या गेल्या. आम्ही गेलो तेव्हा तो गप्प होता.

मंगळवार, सँ-जेर्व्हे

कूपरँ हे वादकांचं घराणं आपल्याकडच्या घराण्यांच्या अर्थानेही घराणंच. १६५३ पासून १८२६ पर्यंत सँ-जेर्व्हेच्या ऑर्गनवर त्यांच्याच घरातली माणसं बसली. त्यातला फ्रान्स्वा कूपरँ सगळ्यांत मोठा. २९ मार्च १९१८ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा याच चर्चवर पडला आणि छत कोसळून सुमारे ९० माणसं गेली. ऑर्गन उरला.

इथला ऑर्गन ऐकायचाच, असं ठरवून संध्याकाळी गेलो. सहाच्या सुमाराला पांढऱ्या झग्यांतले साधू आणि साध्वी येऊन जमिनीवर बसले आणि गाऊ लागले. ऑर्गन वाजलाच नाही. तीन-चार आवाजांच्या पदरांत गुंफलेलं गाणं, मध्ये लांब शांतता, पुन्हा गाणं. मी थोडा खट्टू झालो होतो. बापूदादांनी त्या सबंध तासात एकदाही मात्रा मोजल्या नाहीत. बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजलेले चेस्टनट घेतले, कागदाच्या पुडीत, हात भाजतील इतके गरम. "फणसाच्या आठळ्या," असं म्हणून त्यांनी पुडी संपवली. (सोमवारी इथली प्रार्थना नसते, तेव्हा वार बघून जा.)

बुधवार-गुरुवार, प्वातिए

सई पॅरिसलाच राहिली. रेल्वेने दीड-एक तासात आम्ही दोघे प्वातिएला उतरलो, तेव्हा आमच्याकडे मिळून सहा फ्रेंच शब्द होते. गाव टेकडीवर, स्टेशन खाली, मधे चढ. मिरजेचा सपाट माणूस दोनदा थांबला.

इथे यायचं कारण एकच. सँ-पिएर कॅथेड्रलचा ऑर्गन क्लिकोने १७८७ मध्ये हाती घेतला. १७९० मध्ये तो वारला, मुलाने काम पुढे नेऊन १७९१ मध्ये पुरं केलं. तारखा पाहा : बाहेर राज्यक्रांती पेटलेली, चर्चच्या मालमत्ता सरकारजमा झालेल्या, आणि आत एक कारागीर वडिलांच्या राहिलेल्या नळ्या बसवतोय. चार स्वरपट्ट्या, चव्वेचाळीस स्टॉप. पुढच्या शतकात फ्रान्सभर जुने ऑर्गन नव्या चवीचे करून घेण्याची लाट आली, त्यात हा फारसा सापडला नाही.

कुठलाही कार्यक्रम नव्हता. गुरुवारी सकाळी नुसतंच आत जाऊन बसलो. कॅथेड्रल रुंद, उजळ, थंड. १३ व्या शतकातली लाकडी आसनं, पूर्वेच्या खिडकीत निळा-तांबडा क्रूस. एक बाई फरशी पुसत होत्या. दहाच्या सुमाराला वर दिवा लागला आणि कोणीतरी रियाज सुरू केला.

रियाज ऐकायला मिळणं हे मैफलीपेक्षा मोठं भाग्य, हे मला त्या दिवशी कळलं. मैफलीत वादक सगळं एकदम उधळतो. इथे तो एकच स्टॉप काढून दहा मिनिटं तीच ओळ घोटत होता. तो स्टॉप होता क्रोमोर्न, जिभेच्या नळ्यांचा; जरा नाकातला, जरा कुरकुरा, पण आत मधाळ. बापूदादा ताठ बसले. "सुंदरी!" सोलापूरकडे सनईची धाकटी बहीण वाजवतात, ती. "सर्दी झालेली सुंदरी, पण सुंदरीच."

एका जागी वादक दर वेळी चुकायचा. तिसऱ्या वेळेला त्या फरशी पुसणाऱ्या बाई थांबल्या, वर पाहिलं आणि आमच्याकडे बघून खांदे उडवले. चौथ्यांदा बरोबर आलं, तेव्हा बापूदादांनी खालून "वाह" म्हटलं. वादन क्षणभर थांबलं. मग पुढे चाललं.

त्यानंतर त्याने मोठी जोडणी केली, फ्रेंच जिला 'ग्रां ज्यू' म्हणतात : तुताऱ्यांचे सगळे स्टॉप आणि त्यांच्या पाठीला कॉर्नेट नावाचा स्टॉप. काव्हाये-कोलकडे जोर वाढतो तो चढण चढल्यासारखा. इथे चढण नाही. दार उघडलं आणि समोर तुताऱ्या. उघड, तिखट, एकेक सूर वेगळा वेचता येईल असा. पायाने वाजवायच्या पट्ट्यांचं काम कमी, ते बत्तीस फुटी पोटात शिरणं नाही. उलट बोटांची बारीक नक्षी लख्ख दिसते.

आणि मग ते झालं, ज्यासाठी बापूदादा बहुतेक इतक्या लांब आले होते. भरलेल्या स्वरमेळाखाली एक मोठा खर्ज पडला आणि वरचे सूर किंचित, अगदी किंचित, खचले आणि परत सावरले. मला चूक वाटली. बापूदादांनी माझं मनगट धरलं.

"भाता. ऐकलास?"

मोठी नळी वारा ओढते, तेवढ्यापुरता बाकीच्यांना कमी पडतो. काव्हाये-कोलच्या जमान्यात दाब राखणारे मोठमोठे साठे करून ही हालचाल पुसून टाकली गेली. तिथे वारा पोलादासारखा स्थिर. जुन्या वाद्यांत तो हलतो. पेटीवालं आयुष्य ज्यांनी डाव्या हाताने भाता मारत काढलंय, त्यांना त्या हलण्यातून हात दिसतो.

त्यांनी फोनवर पट्टी तपासली. इथला सा आपल्या आजच्या पट्टीहून जवळपास एक पूर्ण स्वर उतरलेला. "म्हणून घसा न ताणता बोलतोय," असं त्यांचं म्हणणं. रविवारी सँ-सुल्पिसला क्लिकोच्या नळ्या आत आहेत हे सांगितलं होतं, त्याचीही त्यांनी आठवण काढली. तिथल्या मोठ्या आवाजात मधेच एक तिखटपणा येत होता, तो याच घरातला, असं ते ठामपणे म्हणाले. इतकं वेगळं काढता येतं का, याबद्दल मला शंका आहे. पण त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालणं शक्य नव्हतं.

मात्रा : चार. "पुरे झाल्या की. सहा मात्रांत पुढची ओळ चेपते."

दुपारी नोत्र-दाम-ला-ग्रांद या चर्चचा कोरीव दर्शनी भाग पाहिला, शेजारच्या बाजारात शाब्यिशू नावाचं शेळीच्या दुधाचं चीज आणि ब्रोये दु प्वातू घेतलं. ब्रोये म्हणजे ताटलीएवढं लोण्याचं बिस्किट. चाकू लावायचा नाही, मधोमध मूठ मारून फोडायचं. दुकानदार बाईंनी खुणेने दाखवलं. बापूदादांनी तबल्यावर थाप द्यावी तशी दिली आणि अर्धं बिस्किट शेजारच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलं. त्या गृहस्थांनी ते परत न देता खाल्लं.

(शाकाहारी असाल तर या भागात चीज, पाव, बिस्किटं, भाज्यांचं सूप यांवर सहज निभतं. कॅथेड्रल भर उन्हाळ्यातही गार असावं, ऑक्टोबरात तर स्वेटर हवाच. एक पातळ उशी न्या. लाकडी बाकांवर तासाभराने ऑर्गनपेक्षा पाठ जास्त बोलते.)

शुक्रवार ते रविवार, तुलूज

बोर्दोला गाडी बदलून तुलूज. विटांचं गुलाबी गाव. उतरलो तेव्हा ओताँ वाहत होता, आग्नेयेकडून येणारा, सलग दिवस-दिवस चालणारा वारा. तो माणसांना वेड लावतो अशी तिथे समजूत आहे. आमच्या गेस्ट हाऊसच्या म्हाताऱ्या मालकांनी मोडक्या इंग्रजीत बजावलं की आज कोणाशी भांडू नका, उद्या पश्चात्ताप होईल. खिडकीची झडप रात्रभर आपटत होती. बापूदादा म्हणाले, "याला कोणी स्टॉप लावा रे."

तुलूजशी आपलं एक आडवळणाचं नातं आहे. काव्हाये-कोलचं कुटुंब इथे कारखाना चालवत होतं. तरुण आरिस्तीदने इथे 'पोइकिलोर्ग' नावाचं लहानसं वाद्य केलं : नळ्या नाहीत, नुसत्या धातूच्या मोकळ्या जिभा, आणि वाऱ्याच्या दाबाने आवाज लहानमोठा होणारा. संगीतकार रोसीनी इथे आला असताना त्याला ते इतकं आवडलं की त्याने या पोराला पॅरिसला जायला सांगितलं. १८३३ मध्ये तो गेला आणि पुढचा इतिहास घडला. त्याच जातीचं वाद्य १८४० च्या दशकात पॅरिसच्या आलेक्सांद्र दबेनने 'हार्मोनियम' नावाने पेटंट केलं. ते पायाने भाता मारायचं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते हाताच्या भात्याचं करून जमिनीवर बसवलं. मी हे सगळं हॉटेलात बसून बापूदादांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे नळ्यांचा एवढा डोंगर करणारा माणूस आधी पेटीवालाच."

जेवणात कासुले हवं होतं, मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजलेले पांढरे घेवडे. पण त्यात बदक आणि सॉसेज असतंच. 'मांसाशिवाय' हे मी फोनवर भाषांतर करून दाखवलं, तेव्हा वेटर आत जाऊन आचाऱ्यालाच घेऊन आला. दोघांनी मिळून आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि भाजलेल्या भाज्या आणून दिल्या, वर व्हायोलेटच्या साखरेतल्या पाकळ्या फुकट.

ऑक्टोबरात इथे ऑर्गनचा महोत्सव असतो, त्यातली सँ-सेर्नँची मैफल आम्ही गाठली. सँ-सेर्नँ म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरची बासिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च, १०९६ मध्ये पोप अर्बन दुसऱ्याने पवित्र केलेली. आत लांब, उंच, अरुंद बोगदा. ऑर्गन काव्हाये-कोलचा, १८८९ चा, चोपन्न स्टॉपांचा. म्हणजे सँ-सुल्पिसच्या जवळजवळ निम्मा.

निम्मा असून अंगावर दुप्पट आला. सँ-सुल्पिस आवाजाला गोलाई देतो, कडा घासून खाली सोडतो. सँ-सेर्नँमध्ये काही तुताऱ्या चक्क आडव्या, लोकांच्या रोखाने बाहेर काढलेल्या आहेत. दगड-विटांच्या त्या बोगद्यातून त्या सुटल्या तेव्हा पुढच्या ओळीतल्या एका लहान मुलाने दोन्ही कान दाबून आनंदाने किंचाळून घेतलं. त्याच कारागिराचा हात, पण पॅरिसमध्ये तो सरदार आणि इथे पैलवान. आतापर्यंत मला वाटत होतं, नळ्या आणि त्यांचा करणारा एवढं कळलं की ऑर्गन कळला. इथे भिंतींनीच अर्धं वाजवलं.

हळू वाजवलेली एक रचना मात्र मनात राहिली. झडपांच्या पेटाऱ्यातला लांबलचक, थरथरता स्टॉप, आणि बाहेर ओताँ खिडक्यांना धडका देत होता. आतला वारा सूतभर हलत नव्हता. बापूदादांनी वर छताकडे बोट केलं, मग ऑर्गनकडे, आणि काही बोलले नाहीत.

मात्रा मोजायला ते विसरले. मी मोजल्या : पाच.

परतीच्या गाडीत मी विचारलं, यातला एक घरी न्यायचा तर कुठला? तिकीट तपासनीस येऊन गेला, बोर्दो आलं, गेलं, तेव्हा उत्तर आलं. "प्वातिएचा. सोप्यात मावेल तेवढाच." मग थोड्या वेळाने, "सँ-सुल्पिसला मात्र रोज जाऊन बसलो असतो. खुर्ची उलटी करून."

नंतर

१७ मार्च २०१९ ला सँ-सुल्पिसच्या दक्षिणेकडच्या दाराशी आग लागली. ती लवकर विझली. १५ एप्रिलला नोत्र-दाम पेटलं. छत गेलं, मनोरा कोसळला, पण ऑर्गन जळला नाही. त्याच्यावर वितळलेल्या छताची शिशाची धूळ बसली. २०२० मध्ये त्याच्या नळ्या उतरवल्या गेल्या, कारखान्यांत नेऊन साफ झाल्या, पुन्हा चढल्या, आणि मग कित्येक महिने रात्री, बांधकाम थांबलेलं असताना, एकेक नळी सुरात आणली गेली. ७ डिसेंबर २०२४ ला दारं उघडली. आर्चबिशपांनी ऑर्गनला उद्देशून आठ वेळा हाक दिली आणि प्रत्येक हाकेला ऑर्गनने वाजून उत्तर दिलं.

मी बापूदादांना मिरजेला चित्रफितीची लिंक पाठवली. आता ते चौऱ्याहत्तरचे, एका कानाला यंत्र आहे. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"फोनवर खर्ज कुठला यायला. नातवानं टीव्हीला जोडून दिलं, तरी नाही आला. पहिल्या हाकेनंतर जो अगदी हळू सूर येतो ना, तो चार वेळा लावला."

"मग?"

"वही आहे का तुझी? त्यात मी गर्दी म्हणालो होतो, ते लिहिलंयस?"

"लिहिलंय. खोडू का?"

"नको. तेव्हा तसंच ऐकू आलं होतं."